सब घोडे बारा टक्के: बफिंगवाल्या दादांना खुलं पत्र

बफिंगवाले दादा,

नमस्कार लिहायला हात धजत नव्हता, तरी रीत म्हणून लिहितो. तुमचं नाव घालत नाही, दुकानाचा पत्ताही देत नाही. पत्र वाचलंत तर तुम्ही ओळखाल. दसऱ्याच्या चार दिवस आधी आलेली गडद निळी मेटॅलिक गाडी, बॉनेटवर कावळ्याच्या शिटेचा पुसट डाग, आणि 'जपून करा हो' असं तीनदा बजावून बाकड्यावर बसून राहिलेला मालक. तो मी.

'साहेब, एकदम शोरूमसारखी करून देतो,' असं तुम्ही म्हणाला होतात. संध्याकाळी गाडी खरोखर झळझळत होती. दसऱ्याला झेंडूचा हार घालताना आई म्हणाली, अरे यात तोंड दिसतंय की. मी तुमचे मनोमन आभार मानले. ते आभार आज परत घेतो.

तीन आठवड्यांत गाडी दोनदा धुतली. दिवाळीच्या आदल्या रविवारी दुपारच्या उन्हात उभी केली, आणि बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं दिसलं. गोल गोल, बारीक, हजारो ओरखडे. मान हलवली की जाळंही सरकायचं. तुम्ही शेवटी जे चकचकीत तेलकट पॉलिश फासलं होतं, ते या ओरखड्यांत भरून बसलं होतं. दोन धुण्यांत ते निघून गेलं आणि तुमचं खरं काम वर आलं.

जाळ्याचं एक वेळ सोडून देतो, ते काढता येतं. बॉनेटच्या डाव्या कडेला, पत्रा जिथे वळून खाली उतरतो तिथे, अंगठ्याच्या नखाएवढी जागा मेलेली दिसली. बाजूला चमक, मधे पाटीवर ओलं बोट फिरवून वाळल्यासारखा निस्तेज निळा. बोट फिरवलं तर कोरडं, किंचित खडबडीत. पाणी टाकलं की ती जागा आजूबाजूसारखी दिसते, वाळली की पुन्हा मरते. तिथला क्लिअर कोट तुम्ही खाऊन टाकलात, दादा. तो पॉलिशने परत येत नाही. तिथे आता स्प्रे गनच लागणार.

कधी खाल्लात, तेही मला ठाऊक आहे, कारण मी समोर होतो. तुमच्या लोकरी बफावर निळसर छटा दिसली म्हणून मी विचारलं, हा निळा रंग कसला? तुम्ही मशीन न थांबवता म्हणालात, 'मळ आहे साहेब, वर्षाचा.' मळ निळा नसतो हो. तो माझ्या गाडीचा रंग होता.

या एका वाक्यात तुमची सगळी चूक आहे, म्हणून तिथे थोडं थांबतो. आमच्या वडिलांकडे क्रीम रंगाची पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली. दर दिवाळीला ते डब्यातलं रबिंग कंपाऊंड घेऊन बसायचे. फडकं क्रीम रंगाचं व्हायचं आणि आम्ही पोरं खूश व्हायचो, कारण रंग फडक्यावर आला म्हणजे रबिंग लागू पडलं. ते बरोबरच होतं. त्या गाड्यांवर एकाच जातीचा रंग थरावर थर दिलेला असायचा. उन्हाने वरचा पापुद्रा पांढुरका पडायचा, तो घासून काढला की खालचा ताजा रंग वर यायचा. तुमचा हात त्या गाड्यांवर बसला असणार. पण गाड्या बदलल्या. १९८०च्या दशकापासून जगभर रंगाचे दोन थर वेगळे होत गेले: खाली रंग देणारा बेस कोट, त्याच्यावर रंगहीन क्लिअर कोट. चमक असते ती वरच्या थराची, आणि उन्हापासून राखणही तोच करतो. मेटॅलिक गाडीच्या बफावर रंग दिसला याचा अर्थ तो राखणदार संपला. जी खूण पद्मिनीवर शुभ होती, ती माझ्या गाडीवर धोक्याची होती, आणि तुम्ही ती पाहूनही मशीन दाबून धरलंत.

तो थर असतो तरी किती? साधारण ४० ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस धरा ७०च्या आसपास. केसाहून पातळ कवचावर तुम्ही लोकरी बफ, जाड दाण्याचं कंपाऊंड आणि पूर्ण वेगातलं रोटरी मशीन अशी तिन्ही हत्यारं एकदम उगारलीत. तीही पत्र्याच्या कडेवर, जिथे थर आधीच पातळ असतो आणि बफाचा सगळा दाब एका रेघेवर येतो.

पुढे मी जाडी मोजायचं छोटं यंत्र एका मित्राकडून आणलं. पत्र्यापासूनच्या सगळ्या थरांची मिळून जाडी ते सांगतं. डाव्या फेंडरवर ११२ मायक्रॉन. बॉनेटच्या मध्यावर ९७. त्या नखाएवढ्या जागी ६६. हे तीन आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत. तुम्ही काम सुरू करण्याआधी एक तरी आकडा पाहिला होतात का? यंत्र नाही तर नाही, निदान 'या गाडीला आधी किती वेळा रबिंग झालंय' एवढं विचारलंत का? बॉनेट मूळ रंगाचं की नंतर रंगवलेलं, हे तरी?

तुमच्या दुकानात त्या दिवशी माझ्याआधी पांढरी टॅक्सी होती, माझ्यानंतर लाल हॅचबॅक. तिघींना तोच डबा, तोच बफ. सब घोडे बारा टक्के. टॅक्सीचं कंपाऊंड बफात वाळलेलं होतं आणि चहा आला तेव्हा तुम्ही तो बफ फरशीवर पालथा ठेवलात. लोकरीत अडकलेली रेती मी पाहिली, आणि बोललो नाही. ती चूक माझी. गाडी तुम्ही धुतलीही नव्हती, ओल्या फडक्याने पुसली होती. रंगावर बसलेले धुळीचे आणि लोखंडाचे कण तसेच ठेवून वर मशीन फिरवलं की ओरखडे पॉलिश पाडत नाही, ते कण पाडतात.

दिवाळीची सुट्टी मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये घालवली. रोज एक पॅनेल. तुमचं जाळं काढायला काय काय लागलं ते सविस्तर लिहितो, कारण हे सगळं तुम्हीही करू शकला असता.

आधी धुणं, दोन बादल्यांनी: एकीत शाम्पू, दुसरीत हातमोजा खंगाळायला साधं पाणी. मग हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून रंगावरून हात फिरवला. धुतलेल्या गाडीवरही वाळूच्या कागदासारखी खरखर लागली. ती काढायला क्ले, म्हणजे कणकेसारखा मऊ गोळा, भरपूर ओलावा ठेवून फिरवायचा. गोळा पांढरा होता, एका दरवाज्यात तपकिरी झाला. हे सगळं झाल्यावर मग पॉलिशचा विचार.

मशीन मी ड्युअल अ‍ॅक्शन घेतलं. तुमचं रोटरी एकाच आसाभोवती गरगरतं आणि एका जागी उष्णता साठवतं. हे गरगरतं आणि डोलतंही, आणि जास्त दाबलं की फिरणं थांबवतं. त्याने रंग जाळणं अशक्य नाही, पण बरंच अवघड आहे. पॅडमागच्या चकतीवर मार्करने एक रेघ मारून ठेवली. ती फिरताना दिसली तर काम होतंय, थांबली तर हात हलका करायचा. रोटरी वाईट हत्यार आहे असं मी म्हणत नाही. जाणत्याच्या हातात ते माझ्या मशीनपेक्षा लवकर काम करतं. पण त्याला एका ठिकाणी रेंगाळणं खपत नाही, आणि तुम्ही तर रेंगाळत चहावाल्याशी बोलत होतात.

आता पॅड. इथे माझे चार दिवस गेले, आणि मला वाटतं खरी विद्या इथेच आहे. लोक बाटलीबद्दल विचारतात, कोणतं पॉलिश चांगलं? पण एकच मध्यम पॉलिश कडक फोमवर घेतलं तर कापतं आणि मऊ फोमवर घेतलं तर नुसतं उजळतं. निम्मं काम पॅड ठरवतं. लोकर सगळ्यात जास्त कापते, मायक्रोफायबर तिच्या पाठोपाठ, मग कडक फोम, मध्यम फोम, आणि शेवटी बोट रुतेल असा मऊ फिनिशिंग फोम. रंगावरून मात्र पॅड ओळखायला जाऊ नये. इटलीच्या रुपेसचा पिवळा पॅड बारीक कामाचा, तर अमेरिकेच्या लेक कंट्रीचा पिवळा चांगलाच कापणारा. पिवळा म्हणजे हलका असं धरून बसलात तर घात झालाच. पाकिटावरचं वाचायचं आणि अंगठ्याने दाबून पाहायचं.

मी दोन पॉलिश घेतली, एक मध्यम, एक बारीक. पॅड मात्र आठ. दुकानदाराला वाटलं मी आकडा चुकलो. पण फोम तापला की लिबलिबीत होतो, आणि निघालेला क्लिअर कोट व वाळलेलं पॉलिश त्यात मुरलं की तोच ओरखडे पाडू लागतो. प्रत्येक चौकोनानंतर ब्रशने झाडायचा, एक-दोन पॅनेलनंतर दुसरा लावायचा, संध्याकाळी कोमट साबणपाण्यात धुऊन सावलीत वाळवायचा. तुमचा तो एक बफ किती गाड्या फिरून आला होता, दादा?

मग बॉनेटच्या मध्यावर मास्किंग टेपने दोन बाय दोन फुटांचा चौकोन आखला. सुरुवात सगळ्यात सौम्य जोडीने: मऊ फोम, बारीक पॉलिश, मटारच्या दाण्याएवढे चार थेंब. मशीन चालू करण्याआधी पॅड टेकवून पॉलिश पसरवलं, मग सावकाश, आडवे आणि उभे असे चार फेरे. पुसलं. अल्कोहोलमध्ये पाणी मिसळून तो चौकोन पुन्हा पुसला, म्हणजे पॉलिशचं तेल निघून जातं आणि उरतं ते खरं. टॉर्च लावला. जाळं जवळजवळ तसंच. मग मध्यम फोम, तेच बारीक पॉलिश. थोडा फरक. मग मध्यम फोम आणि मध्यम पॉलिश. टॉर्चच्या उजेडात जाळं विरलेलं, फक्त पाच-सहा खोल रेघा शिल्लक. नख अडकत होतं अशा रेघा. मी तिथे थांबलो. त्या काढायला कडक फोम पेटीत पडला होता, पण वहीतला ९७चा आकडा डोळ्यांसमोर होता. खोल ओरखडा काढायचा म्हणजे त्याच्या आजूबाजूचा सगळा थर त्याच्या तळापर्यंत खाली आणायचा. पाच रेघा राहिल्या तर राहिल्या, ऊन सोसायला थर हवा.

पाहा, एवढीच गोष्ट होती. आधी एका चौकोनावर करून पाहणं. सौम्यापासून सुरुवात करून, जिथे काम भागेल तिथे थांबणं. वीस मिनिटं लागतात. तुम्ही वरून सुरुवात केलीत आणि थांबला नाहीत.

बाकी पॅनेल त्याच जोडीने केली. दरवाज्यांच्या आणि बॉनेटच्या कडा टेप लावून झाकल्या, तिथे हाताने बारीक पॉलिश. बंपरवर वेग कमी ठेवला, कारण प्लॅस्टिक उष्णता पांगवत नाही आणि रंग पटकन तापतो. शेवटी मऊ फोम आणि बारीक पॉलिशने सगळ्या गाडीवर एक हात, आणि वरून सीलंट. शेजारच्या काकांनी ओरखड्यांवर टूथपेस्ट सुचवली होती, त्यांना मी हात जोडले.

गाडी आता उन्हात उभी राहू शकते. डावी कड तशीच मेलेली आहे. रंगारी म्हणाला, नुसती कड करता येणार नाही, अख्खं बॉनेट रंगवावं लागेल, आणि कारखान्यातली निळी छटा तंतोतंत जुळेल याची हमी नाही. मी रंगवणार नाही. त्या जागेवर पारदर्शक फिल्मचा तुकडा चिकटवला आहे.

तुमच्याकडून पैसे परत मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. त्या दिवशी तुमच्या दुकानात एक पोरगा होता, मिसरूड फुटलेला, नवाच आलेला दिसत होता. तुम्ही बफ फरशीवर ठेवलात तेव्हा त्याने तो उचलला, पँटवर झटकला आणि रेती दिसल्यावर तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही हातानेच 'दे इकडे' केलंत. त्याला दिसलं होतं, दादा. तुम्ही त्याला न पाहायला शिकवलंत. लाल हॅचबॅकचं मशीन तुम्ही त्याच्याच हातात दिलंत.

भंगारवाल्याकडून मी एक जुनं काळं बॉनेट आणलं आहे, मेटॅलिक, दोन थरांच्या रंगाचं. पार्किंगमध्ये भिंतीला टेकवून ठेवलंय. कडेवर मुद्दाम क्लिअर कोट जाळून पाहावा, बफावर रंग कधी येतो ते डोळ्यांनी बघावं, बोटाला ती कोरडी जागा कशी लागते ते कळावं, यासाठी. पॅड आहेत, मशीन आहे. येत्या रविवारी सकाळी त्याला पाठवा. तुम्हीही या, चहा मी पाजतो. फक्त मशीन चालू असताना नाही.

तुमचा एक गिऱ्हाईक