तंबोरा कुठे नेलास? : घरच्या कूलरास खुले पत्र

औसा, वैशाख

खिडकीत ठाण मांडून बसलेल्या कूलरास,

पत्राच्या आरंभी नमस्कार लिहायची पद्धत आहे. तुला तो लिहीत नाही. ज्यानं घरातली वस्तू नेली, त्याला आधी वस्तूबद्दल विचारायचं असतं.

गेल्या आठवड्यात नात सुट्टीला आली. नांदेडला गाणं शिकते, दुसरं वर्ष आहे. तिच्या बाईंनी सांगितलंय की गाणं ऐकताना आधी तंबोरा ऐकायचा, मग गवई. रात्री जेवणं झाल्यावर मी उस्ताद अमीर खाँसाहेबांचा दरबारी लावला. पोर मांडी घालून बसली, डोळे मिटले, मग उठून स्पीकरला कान लावला. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाली, "आबा, तंबोरा कुठंय?"

तंबोरा रेकॉर्डिंगमध्ये होता. स्पीकरमधूनही बाहेर पडत होता. तिच्या कानापर्यंत पोचायच्या आत तो तू गिळलास. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत वाचलं जावं असं.

तुझा अपराध मोघम सांगणार नाही. पुरुष गायकाचा नेहमीचा स्वर घे, काळी एक. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा तेव्हा सेकंदाला सुमारे १३९ कंपनं करतात आणि खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९. आपल्या घरात येणारी वीज ५० हर्ट्झची, आणि मोटरचं लोखंड घुमतं तिच्या दुपटीनं, १०० कंपनांनी. हा तुझा षड्ज! तो खर्ज आणि जोड यांच्या बरोबर मधल्या पट्ट्यात येतो, मंद्र सप्तकात, तीव्र मध्यमाच्या वर आणि पंचमाच्या खाली, जिथे आमच्या कुठल्याच रागाला उभं राहायला जागा नाही. समोर गवई दरबारीचा गंधार आंदोलत असतो आणि तू त्याच्या पायाशी रात्रभर हा बेसूर धरून बसतोस. वर पात्यांचा सूंऽ, पंपाची गुरगुर, ताट्यांवरून टाकीत पडणारं पाणी, आणि ज्या गजांना तू टेकलास त्या गजांची थरथर. पत्र्याची पेटी म्हणजे सगळ्या बाजूंनी मढवलेला नगाराच. आत जे हललं ते दसपट होऊन बाहेर येतं.

तू म्हणशील, आवाज तर आवाज, गाणं त्याहून मोठं करा. हेच मला सगळ्यात जास्त लागलेलं आहे. ख्यालात आलापाची पहिली कुजबुज आणि द्रुतातली तान यांच्यात केवढं अंतर असतं! मंद्रातला स्वर तुझ्या वर आणायचा म्हणून बटण फिरवलं, की अर्ध्या तासानं तबला भिंतीवर येऊन आदळतो आणि शेजारची बाळंतीण उठते. शासनाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ती रस्त्यावरच्या भोंग्यांसाठी, मोकळ्या हवेतल्या गोंगाटासाठी. तू घरात, उशापाशी, साठीच्या घरात बोलतोस आणि तुला कुणी नोटीस देत नाही. दर दहा डेसिबलला कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, हे ध्यानात घेऊन हिशेब कर.

शिवाय तू खालून झाकतोस. अमेरिकेत वेगेल आणि लेन या दोघांनी १९२४ साली एक सूर दुसऱ्याला कसा झाकतो हे मोजून दाखवलं. त्यातून कळलं ते असं, की खालचा जोरकस आवाज आपल्या वरच्या पट्टीतले आवाज सहज बुडवतो, वरचा आवाज खालच्याला तेवढं बुडवू शकत नाही. म्हणून जुन्या तबकडीची खरखर मी माफ करतो. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या खरखरीनं भरलेल्या आहेत, पण ती खरखर वर असते, पाऊस पत्र्यावर पडावा तशी, आणि तिच्याखालून खाँसाहेबांचा गळा शाबूत येतो. लहानग्या भीमसेन जोशींनी त्यांची अशीच एक तबकडी गदगच्या बाजारात, दुकानापुढे उभं राहून ऐकली आणि १९३३ साली गुरूच्या शोधात घर सोडलं. कुणी मला ही गोष्ट सांगून म्हणतं की खरं गाणं गोंगाटातही पोचतं. पोचतं, हाक पोचते. पण हाक ऐकून घर सोडलेल्या त्या मुलाला पुढे गुरूसमोर बसून, तंबोरा मांडीवर घेऊन वर्षानुवर्षं जे ऐकावं लागलं, ते बाजारात ऐकू येण्यासारखं नव्हतं. मिंड जिथे विरते ती जागा, दोन आवर्तनांमधला श्वास, जव्हारीतून आपोआप उमटणारा गंधार, हे सगळं तुझ्यासमोर आधी मरतं.

आमच्या घरात तू आलास कसा, हेही लिहून ठेवतो, कारण नातीला ते माहीत नाही. माझा जन्म माळवदाच्या घरातला. दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडावर मातीचा थर, पुढे ढेलज. चैत्रात आत शिरलं की अंगावर थंडावा यायचा आणि कानावरही. भिंतीशी ज्वारीची पोती, खुंटीवर गोधड्या, त्यात आवाज मुरून जायचा. ढेलजेत वडील ट्रान्झिस्टर लावायचे तो मधल्या घरात हळू पण स्वच्छ यायचा. नाथ संस्थानच्या चक्रीभजनाचं हे गाव, इथे ऐकण्याचं वळण घराघरात होतं. मग ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारी आमच्याच तालुक्यातली. त्याच जाड भिंतींनी झोपलेली माणसं पोटात घेतली, हजारोंनी. त्यानंतर दगडमातीच्या छताखाली निजायची हिंमत उरली नाही. आम्ही पत्र्यात गेलो, नंतर सिमेंटच्या स्लॅबखाली. अर्ध्या विटेची भिंत, गुळगुळीत फरशी, रिकामे कोपरे. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो आणि स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता ओकतो. उकाड्यानं तुला घरात आणलं, आणि उघड्या फरशीनं तुझा प्रत्येक आवाज दुप्पट करून आमच्या अंगावर परत फेकला.

म्हणून तुला घरातून हाकलत नाही. वडील ब्याण्णव वर्षांचे असताना शेवटचा उन्हाळा त्यांनी तुझ्या वाऱ्यावर काढला, ते मी विसरलेलो नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, तेव्हा तुझ्या टाकीत ओतायला घरात पाणी नव्हतं. दीड-दोन महिने तू गप्प होतास. खोली शांत होती, पण पाण्याच्या काळजीत असलेल्या घरात गाणं लावायला हात धजत नाही.

तू काय नेलंस हे मला कळलं ते त्याच्या कितीतरी आधी, भारनियमनाच्या दिवसांत. शनिवारची रात्र होती, आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम. ट्रान्झिस्टर सेलवर चालू होता आणि तू तुझ्या जागी. गायन लागलं होतं एवढंच कळत होतं. एकदम लाईट गेली. तुझी पाती चार गिरक्या घेऊन थांबली, समोरच्या घरातले पंखे थांबले, गल्लीतले फ्रीज थांबले. विजेच्या उपकरणांमुळे मध्यम लहरींवर येणारा चरचराटही गेला. आणि त्या काळोखात गायकाच्या मागे दोन तंबोरे उभे राहिले. मी आणि बायको घामानं निथळत बसून राहिलो, कुणी पंखा शोधायला उठलं नाही. वीस मिनिटांनी लाईट आली, तू खडखडून उठलास, आणि ते दोन्ही तंबोरे गेले. ती वीस मिनिटं मी आजही मोजतो.

माझं वय झालंय. म्हाताऱ्या कानाला गोंगाटातून बोलणं निवडणं जड जातं, तिथे मिंडेचं काय! पण मी माझ्यासाठी भांडत नाही. परवा सकाळी नात रियाजाला बसली आणि तू चालू होतास. तिनं षड्ज लावला तो ओरडून. माणूस गोंगाटात नकळत आवाज चढवतो, हे फ्रान्समधल्या लोंबार नावाच्या डॉक्टरनं १९११ साली नोंदवून ठेवलंय. मोठ्या माणसाचा गळा ते सोसतो. ही पोर अकरा वर्षांची आहे, तिचा षड्ज अजून घडतोय, आणि तो तुझ्याशी झुंजत घडतोय. ज्या खोलीत बारीक स्वर ऐकूच येत नाही, तिथे पोरं बारीक स्वर मागतही नाहीत. ती दणक्याची गाणी लावतात, कारण तुझ्यापुढे तीच टिकतात. चार उन्हाळ्यांत तू आमच्या घरातून ख्याल हद्दपार केलास, आणि आम्ही समजत राहिलो की पोरांची आवड बदलली.

तेव्हा आजपासून असं ठरलं. तुला खिडकीच्या गजांवरून उतरवून बाहेर स्वतःच्या लोखंडी घोडीवर बसवणार, तिच्या पायांखाली जुन्या टायरचे तुकडे देणार. पात्याचा वाकलेला कोपरा सरळ करून घेणार, बुशला तेल देणार, पंप फडक्यात बसवणार. भिंतीला गोधड्या टांगायला मी सांगितलंय, घरचे हसले तरी. आणि रात्री साडेनऊला तुझं बटण बंद. संध्याकाळीच स्लॅबवर पाणी मारून ठेवू, दाराला वाळ्याची ओली ताटी लावू, हातपंखा तिच्या शेजारी ठेवू.

आज पुन्हा तोच दरबारी लावणार आहे, आवाज अगदी लहान ठेवून. नातीला सांगितलंय, गवई सुरू व्हायच्या आधी बोलू नकोस.

तुझ्याच खोलीत राहणारा,
एक श्रोता