एका अनोळखी भुंगेऱ्यास अनावृत पत्र

प्रति,
रा. रा. भुंगेराव (आडनाव चौकशीअंती कळेल),
मुक्काम हळकुंडांची पिशवी, मसाल्याचं फडताळ.

विषय: आपली ओळख पटवण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

आपण मुक्कामाला आलात याला हरकत नव्हती. पावसाळ्यात असे पाहुणे येतातच. पण नावगाव न सांगता राहिलात आणि अख्ख्या सोसायटीला कामाला लावलंत. आपला फोटो ग्रुपवर पडताच पहिल्या मजल्याने आपल्याला ढेकूण ठरवलं, तिसऱ्याने झुरळाचं पिल्लू, आणि सचिवांनी फोटो न उघडताच वाळवी. पेस्ट कंट्रोलवाल्याने काहीच ठरवलं नाही. खोल्या किती, एवढं विचारून त्याने आकडा सांगितला.

शेवटी पंचांग वाचायचं भिंग काढलं आणि आपल्याला पांढऱ्या कागदावर घेतलं. आपण लगेच पाय पोटाशी ओढून मेल्याचं सोंग केलंत. चौकशी लागली की भल्याभल्यांच्या छातीत कळ येते, हे आम्ही जाणतो. पण त्यामुळे निवांत पाहता आलं. लांबी जेमतेम 2-3 मिलिमीटर, रंग तांबूस तपकिरी. पाठीवर मधोमध सरळ रेघ, कारण पंखांवरची दोन टणक झाकणं तिथे एकमेकांना भिडतात. ढेकणाला अशी झाकणं नसतात. झुरळाच्या पिल्लाला तर पंखच नसतात. वरून पाहिलं तर डोकं दिसेना, ते खाली वळवून दडवलेलं. सोंड नाही, म्हणजे तांदळातले सोंडे आपले सख्खे नव्हेत.

संशय उरला तो आपल्या चुलतभावावर, ड्रगस्टोअर बीटलवर. तोही असाच तपकिरी, असाच मान खाली घातलेला. पण त्याच्या पाठीवर ओळीने बारीक उभ्या रेघा असतात आणि मिशांची शेवटची तीन पेरं मोठी असतात. आपली पाठ बिनरेघांची, मिशा करवतीसारख्या दातेरी. तेव्हा आपण सिगारेट बीटल. दप्तरी नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी. सापडलात आता.

आपली पचनशक्ती मात्र वंदनीय. माणसाने तंबाखूतलं निकोटीन कीटकनाशक म्हणून फवारलं. आपलं घराणं तंबाखूच्या गोदामातच जेवतं. त्यासाठी पोटात यीस्टसारखी बुरशी पाळली आहे, ती विषाची विल्हेवाट लावते. आमच्याकडे मुंग्यांच्या वाटेवर हळद टाकतात. आपल्या अळ्या हळकुंडातच भोकं पाडून संसार थाटतात. शिवाय तिखट, धणे, सुंठ, जुन्या पुस्तकांच्या बांधणीतली खळ. आपण स्वतः फारसं खात नाही, हे मान्य. दोन-चार आठवडे उडायचं, अंडी घालायची आणि खाण्याचं काम पोरांवर सोपवून नामानिराळं राहायचं. ही रीत आम्हाला नवीन नाही.

आपण चावत नाही, त्यामुळे घरभर फवारणीचा ठराव फेटाळला आहे. पोखरलेली हळकुंडं आज कचऱ्यात जातील. उरलेला मसाला आठवडाभर उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये राहील. अंडी, अळी, कोष, सर्वांना हुकूम लागू. फडताळाच्या सांदीकोपऱ्यांतली पूड झाडून निघेल. यापुढे मसाला घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्यांत, कारण प्लास्टिकच्या पिशवीला आपण जुमानत नाही.

कळावे.

आपला,
फडताळाचा मालक

प्रत माहितीसाठी:
1. सचिव. फोटो उघडून पाहावा, ही विनंती.
2. शेजारच्या काकू. गेल्या आठवड्यात वाटीभर धणे नेलेत, ते आजच चाळून घ्या.