खलनायकाची पहिली एंट्री

जोकरने पहिल्यांदा दात विचकले ते 1940 साली, ‘बॅटमॅन’च्या पहिल्या अंकात. त्या अंकाची 10पैकी 9.4 गुणांची एक प्रत 2021मध्ये 22 लाख डॉलरला गेली. ही बातमी मी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, “इतक्या पैशात केयीचं वावर किती येईन रे?” वरणगावात कुठलीही मोठी रक्कम शेवटी केळीच्या वावरातच मोजली जाते.

खलनायकांच्या पहिल्या एंट्रीचे अंक मीही जमवतो, माझा शोध मात्र ऐपतीतला. मला हवा आहे प्रोफेसर नागमणी. 1986 साली राज कॉमिक्सचा ‘नागराज’ आला, त्यातला हा गृहस्थ. नागराजला घडवायचं आणि गुन्हेगारांना भाड्याने द्यायचं, असा त्याचा धंदा. नायक आणि खलनायक एकाच अंकात, म्हणजे एका तिकिटात दोन सिनेमे. शिवाय चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीकांची. अमर चित्र कथेतले देव ज्या हाताने काढले, त्याच हाताने हा बदमाश काढला. हिंदीतला इतका नामी खलनायक मूळचा मराठी कुंचल्याचा, हे मी भुसावळच्या एका रद्दीवाल्याला छाती फुगवून सांगितलं. तो म्हणाला, “हौ का भाऊ? ठेवा मंग काट्यावर.” त्याच्या काट्याला नायक-खलनायक हा भेद कळत नाही.

तरी आमचा मुलूख या कामाला उत्तम. वरणगावची दारूगोळ्याची फॅक्टरी 1964ची, आणि इंद्रजाल कॉमिक्सही 1964चंच. फॅक्टरीच्या क्वार्टरांत देशभरातली माणसं आली, सोबत त्यांची पोरं आणि पोरांची कॉमिक्स. कोणी रिटायर झालं की माळ्यावरून पोती उतरतात. अमेरिकेत अंकाला गुण देऊन तो प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करतात. आमच्याकडे प्रतीचा दर्जा वासावरून ठरतो: डांबरगोळी, उंदीर की भरीत. भरीत असेल तर शेवटची दोन पानं नसतात, हा अनुभव आहे. खलनायकांना बॉलपेनने मिशा काढलेल्या असतात त्या वेगळ्याच. ज्यांना आधीच मिशा आहेत, त्यांना चष्मा.

इंद्रजालचा पहिलाच अंक वेताळाच्या, म्हणजे फँटमच्या, पट्ट्याचा. त्यात वेताळाच्या बापाचा खुनी भेटतो. वर्तमानपत्रातल्या मूळ चित्रमालिकेत लेखक ली फॉकने त्याचं नाव ‘रामा’ ठेवलं होतं. आपल्याकडे छापताना त्याचं ‘रामालू’ केलं. शहाणपणच म्हणायचं. जिथे एसटीच्या कंडक्टरलाही आधी ‘राम राम’ घालून मग तिकीट मागतात, तिथे खुन्याला त्या नावाने हाक कोण मारणार? पण त्यामुळे आम्हा जमवणाऱ्यांची पंचाईत झाली. रामालूचं पहिलं दर्शन इंद्रजालमधलं धरायचं, की अमेरिकी वर्तमानपत्रातल्या रामाचं? माझं मत इंद्रजालला. रामालू आपला आहे.

हा छंद लागलाच तर एवढं ध्यानात ठेवा. इंद्रजालचे क्रमांक 805पर्यंत गेले, पण अंक निघाले 803. इंद्रजाल काढणाऱ्या टाइम्समधल्या संपामुळे 123 आणि 124 कधी छापलेच गेले नाहीत. तेव्हा कोणी ‘दुर्मीळ आहे साहेब’ म्हणत 123 नंबरचा अंक विकायला आला, तर अंक घेऊ नका. त्या माणसाचा फोटो तेवढा काढून ठेवा. खलनायकाची पहिली एंट्री तीच.