खोलीतली खोली

मराठीत 'खोली' हा शब्द घरातल्या दालनाला लागतो, तसाच विहिरीच्या गहनतेलाही लागतो. परंतु दहा बाय दहाच्या खोलीत उभे राहून हजार फुटांच्या खोलीचा अनुभव घेण्याची सोय एखादा चष्मा करून देतो, तेव्हा या दोन अर्थांत जो तंटा लागतो, त्याचा अभ्यास नांदगाव पेठ येथे ऐन मे महिन्यात करण्यात आला. अभ्यासक हा पन्नाशी ओलांडलेला, जाड भिंगांचा आणि एस.टी.तील उलट्यांबद्दल आप्तवर्गात ख्याती पावलेला गृहस्थ होता. प्रवासाचा जाहीर हेतू बहिणीची भेट हा असला, तरी खरा हेतू तिच्या हातचा कढीतला गिलावडा हा होता, आणि भाच्याने जुना म्हणून स्वस्तात मिळवलेला खेळांचा 'व्हिडिओ चष्मा' ही त्या वड्याची किंमत होती.

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या, पूर्वी ६ आणि आता ५३ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर हे गाव इतके जवळ आहे की, वाहकाकडून सुटे पैसे परत मिळेपर्यंत ते येते. परंतु तेवढ्या अवधीत अभ्यासकाने वर्तमानपत्र उघडले. कानाच्या आतल्या भागात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. तोल सांभाळणारे हे इंद्रिय मेंदूला 'गाडी हलते आहे' असे कळवते, तर अक्षरांवर खिळलेले डोळे त्याच क्षणी 'सर्व स्थिर आहे' अशी उलट साक्ष देतात, आणि या विसंगत साक्षींचा निकाल बहुधा पोटावर बजावला जातो. गावाच्या परिसरात औद्योगिक वसाहत, कापडाचे कारखाने आणि १३५० मेगावॉट क्षमतेचा औष्णिक वीजप्रकल्प आहे; अभ्यासकाचे तोंड पिशवीत असल्यामुळे या स्थळांचे वर्णन येथे देता येत नाही.

चष्म्यामागचे तत्त्व मात्र जुने आहे. माणसाच्या दोन बुबुळांत सरासरी सुमारे ६३ मिलिमीटर अंतर असल्याने प्रत्येक डोळ्याला जग किंचित निराळे दिसते, आणि या फरकावरून मेंदू अंतराचा अंदाज बांधतो, हे चार्ल्स व्हीटस्टन याने १८३८ साली आरशांच्या साध्या उपकरणाने दाखवून दिले. 'छोटा चेतन' पाहताना चित्रपटगृहात पडद्याबाहेर आलेली वस्तू धरायला ज्यांनी हात पुढे केले, त्यांनीही हीच फसवणूक पैसे मोजून विकत घेतली होती. खेळाच्या चष्म्यात प्रत्येक डोळ्यापुढे स्वतंत्र चित्र येते, आणि पडदा वस्तुतः बोटभर अंतरावर असूनही मधल्या भिंगांमुळे तो दूर असल्याचा भास होतो. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९९५ साली असे यंत्र बाजारात आणले होते. त्यात सारे विश्व केवळ लाल रंगात दिसे, आणि वर्षभरातच ते गुंडाळावे लागले. भाच्याच्या चष्म्यात रंग सर्व होते. फक्त तो नंबरच्या चष्म्यावर चढवू नये ही सूचना माहितीपत्रकात इतक्या बारीक अक्षरांत छापली होती की, ज्यांच्यासाठी ती होती त्यांनाच ती वाचता येऊ नये. हा विनोद नव्हे. ही निव्वळ बेपर्वाई आहे.

तरीही चष्म्यावर चष्मा चढला. पुढे दरी, तीवर दोरांचा पूल आणि तळाशी नदी, असे दृश्य उभे राहिले, आणि "मामाजी, खाली पाहू नका बरं!" असे भाच्याने बजावताच अभ्यासकाने, सर्व अभ्यासकांप्रमाणे, खाली पाहिले. आता एस.टी.तला खटला उलटा चालू झाला; डोळे 'चाललो' म्हणत होते, कान 'उभे आहोत' म्हणत होते, आणि तीन गिलावडे निकालाची वाट पाहत होते. पूल निम्मा ओलांडला गेला असताना वीज गेली. संगणक बंद पडला, चष्म्यात अंधार झाला, कूलरची घरघर थांबली, आणि दोर तुटला अशी खात्री पटून अभ्यासकाने मागे झेप घेतली, ती कूलरमध्ये ओतण्यासाठी भरून ठेवलेल्या बादलीत. डोळ्यांनी अंधार कळवला, कानांनी पडझड कळवली, पायाने नदी कळवली. दिवसभरात प्रथमच सर्व साक्षी जुळल्या, आणि निकालाची अंमलबजावणी तत्काळ झाली. "लाईन गेली, मामाजी, चष्मा काढा ना!" हे भाच्याचे शब्द निकालानंतर पोहोचले.

फरशी पुसली गेल्यावर बहिणीच्या सासूबाईंनी चहा आणला. त्यांचा डावा डोळा काचबिंदूने कायमचा गेलेला आहे. भाच्याने हौसेने त्यांनाही एकदा चष्मा लावून पाहिला होता, तेव्हा "मले तं सारं सपाटच दिसते" असे सांगून त्यांनी तो परत केला होता, आणि शास्त्रदृष्ट्या ते बरोबर होते, कारण दोन चित्रांतल्या फरकावर उभारलेला हा भास एका डोळ्याला होऊच शकत नाही. त्यांनी किटलीची चोच आधी कपाच्या काठावर अलगद टेकवली, टेकल्याचा बारीक आवाज ऐकला, आणि मगच ती कलती केली. बशीत एक थेंबही सांडला नाही. "घ्या भाऊ, पोटाले बरं वाटन," असे म्हणून त्यांनी कप पुढे केला, तेव्हा दोन डोळे, दोन भिंगे आणि दोन पडदे बाळगणाऱ्या अभ्यासकाच्या हातून मात्र अर्धा चहा बशीत आला, आणि त्याकडे त्यांनी पाहिले नाही, किंवा पाहिले तरी तसे दाखवले नाही.

परतीच्या एस.टी.त वर्तमानपत्र घडीतच राहिले. दूरच्या स्थिर वस्तूकडे पाहत राहिल्यास डोळे आणि कान यांची साक्ष जुळते, हा जुना उपाय अभ्यासकाने खिडकीशी बसून केला, आणि त्यामुळे वीजप्रकल्पाची धुराडी अखेर पाहून झाली. ती उंच आहेत.