चिनहटची घोडदौड

३० जून १८५७ रोजी इंग्रजांचे सर हेन्री लॉरेन्स लखनऊहून जवळच्या चिनहटला बंडवाल्या शिपायांवर चालून गेले आणि सपाटून मार खाऊन परतले. शत्रू थोडकाच आहे अशी खबर होती. समोर बंडवाल्यांचे म्होरके बरकत अहमद यांची हजारोंची फौज उभी. गोऱ्या सोल्जरांच्या पोटात न्याहारी नाही, ऊन मी म्हणतंय, इस्माइलगंज गाव हातचं गेलेलं. हत्तीने ओढून नेलेली आठ इंची तोफही तिथेच राहिली. उरलेले पळत लखनऊच्या रेसिडेन्सीत, इंग्रजांच्या ठाण्यात, शिरले.

एवढ्यावरून याला पराभव म्हणणं हा नकारात्मक दृष्टिकोन झाला. साहेबांकडे सल्लागार कंपनी आणि प्रोजेक्टर नव्हता, इतकंच.

आज सादरीकरण झालं असतं. पहिली स्लाइड: ‘रेसिडेन्सीच्या वस्तीत एका दिवसात भरघोस वाढ’. हिरवा स्तंभ पार छताला टेकलेला, कारण उभा अक्ष शून्याऐवजी सोयीच्या आकड्यापासून सुरू. दुसरी: ‘कुकरैल पूल, परतीच्या प्रवासात वेळेची बचत’. तिसरी: ‘तोफखान्याचं विकेंद्रीकरण’. भिश्ती पळून गेले, ते ‘पाणीबचत’ या सदरात. शेवटी त्रिमितीतला गोल आलेख, थोडा आपल्याकडे कललेला. त्यात पुढची फोड आहे त्याहून मोठी दिसते. तिथे ‘मनोधैर्य’ बसवायचं. ज्याने शंभर टक्के नालेसफाईचा आलेख गुडघाभर पाण्यात उभं राहून पाहिलाय, त्याला हे वेगळं शिकवायला नको.

याउलट शार्ल मिनार हा फ्रेंच इंजिनिअर. नेपोलियनची रशियावरची स्वारी त्याने १८६९ साली एका कागदावर काढली. जाताना ४,२२,००० माणसांचा रुंद पट्टा, परतताना १०,००० ची काळी रेघ, खाली घसरत जाणारा पारा. ना बोधचिन्ह, ना मान्यवरांचा फोटो! आमच्याकडे त्याला प्रेमाने विचारलं असतं, ‘मिनारसाहेब, पट्टा दोन्हीकडे सारखाच रुंद ठेवला तर?’ फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचीही तीच गत. सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त मरतात, हे त्यांनी १८५८ मध्ये निळ्या पाकळ्यांनी दाखवलं. ‘मॅडम, निळा फार दिसतोय. तो “इतर”मध्ये टाकू.’

लॉरेन्स तोफगोळ्याने जखमी होऊन ४ जुलैला वारले, फौजेची सूत्रं इंग्लिस यांच्याकडे गेली. स्लाइडवर: ‘नेतृत्वबदल सुरळीत’. रेसिडेन्सीला पडलेल्या वेढ्याची स्लाइड चहानंतर घ्यायचं ठरलं.