कोळंबीचं आख्यान

शिकागोच्या कुठल्याही उपनगरात जा, तिथल्या मराठी मंडळींत एक तरी असे काका सापडतातच. मूळ गाव मालवण की अलिबाग, हे आता त्यांच्या बोलण्यावरून ओळखू येत नाही. 'आमच्याकडे' म्हणजे मिशिगन सरोवराच्या काठी. हॉटडॉगवर केचप मागणाऱ्या पाहुण्याला पुन्हा बोलावणं जात नाही.

एरवी हे गृहस्थ चहाचं आधणसुद्धा ठेवत नाहीत. पण भारतातून कुणी आलं, की फर्मान सुटतं: "आज श्रिंप डी जाँग. मी करणार!" मग काकू कोळंबी सोलतात, पाठीतला काळा दोरा ओढून काढतात, लसूण ठेचतात, शिळा पाव चुरतात. एवढं झालं, की काका एप्रन बांधून येतात आणि आख्यान लावतात.

पूर्वरंग १८९३च्या विश्वप्रदर्शनापासून. त्याच वर्षी विवेकानंद इथे बोलले म्हटल्यावर पाहुणे सावरून बसतात. पण स्वामीजींना दोन वाक्यांत निरोप मिळतो आणि बेल्जियमहून आलेले डी जाँग बंधू अवतरतात. प्रदर्शनात त्यांनी खानावळ चालवली, पुढे मन्रो स्ट्रीटवर हॉटेल थाटलं, आणि तिथे हा पदार्थ नावारूपाला आला.

"स्वामीजींनी खाल्ला असेल का हो?" पाहुण्या आत्याबाई विचारतात.

"अहो, तेव्हा ते हॉटेलच नव्हतं!"

पदार्थ मालक हेन्री डी जाँगचा की त्याचा आचारी एमिल झेर याचा, हा वाद जुना आहे. काका आचाऱ्याच्या बाजूचे. "राबायचं एकाने आणि नाव व्हायचं दुसऱ्याचं!" असं कळवळून म्हणताना सोललेल्या कोळंबीचं भांडं ते काकूंच्या हातून घेत असतात.

उत्तररंगात लोणी. ते मऊ हवं, वितळलेलं चालत नाही. त्यात लसूण, पार्स्ली, चिमूटभर जायपत्री आणि शेरी. १९२३ साली, दारूबंदीच्या दिवसांत, ते हॉटेल बंद पडलं हे सांगताना काकांचा गळा दाटून येतो. मग शेरीचं एक माप लोण्यात आणि एक गळ्यासाठी. भाचीने कोथिंबीर आणि हिरवी मिरची सुचवली, तर तिला फ्रिजपासून लांब बसवलं जातं.

एक मात्र खरं, माणूस नुसता बोलघेवडा नाही. कोळंबी, त्यावर लोणी, त्यावर पावाचा चुरा असे थर देऊन भांडं चारशे फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये गेलं, की काका काचेसमोर उकिडवे बसतात. कडेने लोणी बुडबुडायला हवं, चुरा सोनेरी व्हायला हवा, आणि कोळंबी जेमतेम वळलेली असतानाच बाहेर यायला हवी. पार गुंडाळली गेली, तर रबर चघळा. हे सगळं त्यांना पक्कं ठाऊक आहे. अडचण एवढीच, की उकिडवं बसल्या बसल्या त्यांना अल कपोन आठवतो. तो अटकेपर्यंत पोचायच्या आत काकूंनी भांडं बाहेर काढलेलं असतं.

वाढल्यावर टेबलाशी सगळे गप्प. लसणाचा वास, वर कुरकुरीत, आत मऊसूत. आत्याबाई हळूच पर्समधून तिखटाची पुडी काढतात, पण घास खाऊन पुन्हा आत ठेवतात. काकांच्या नजरेतून हे सुटत नाही.

"मला लिहून द्या हो," त्या म्हणतात. "लोणी किती, चुरा किती?"

"तो भाग गौण आहे," काका म्हणतात. "मापं हिला विचारा."