उपचार चालू आहेत

मांजरकाकूंना मांजरं आवडत नाहीत. हे त्या स्वतःच सांगतात, आणि सांगताना मांडीवर एखादं मांजर असलंच तर त्यालाही ऐकू जाईल अशा बेताने सांगतात. "आवडबिवड काही नाही. कुणीतरी करायला हवं, आणि तुम्ही कुणी करणार नाही." यातले 'तुम्ही' म्हणजे समोरचा माणूस, त्याची सोसायटी, पुणे महानगरपालिका आणि वेळ पडल्यास केंद्र सरकार.

सदाशिव पेठेत आमचा जिथे वाडा होता, तिथे आता सहा मजले उभे आहेत. वाड्याबरोबर विहीर गेली, पार गेला, भाडेकरूंचे खटले मिटले. मांजरं तेवढी राहिली. बिल्डरच्या करारात त्यांचा उल्लेख नव्हता, म्हणून त्यांना थेट पार्किंग मिळालं. काकू तिसऱ्या मजल्यावर. उभा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात गेला, त्यातही व्याकरण. निवृत्तीनंतर तपासायला वह्या उरल्या नाहीत आणि चुका तर सगळीकडे दिसत होत्या. त्यातली जिन्याखाली दर चार महिन्यांनी होणारी चूक त्यांनी तपासायला घेतली.

पिल्लू बोका की भाटी, यावर पार्किंगमध्ये नेहमी वाद. काकू येतात, शेपूट वर करतात आणि निकाल देतात. "दोन गोल टिंबं, मधे अंतर, म्हणजे विसर्ग. बोका. खालच्या टिंबाची रेघ झालीय, अंतर कमी, म्हणजे उलटं उद्गारचिन्ह. भाटी." पिल्लू तिरंगी असेल तर त्या शेपटीला हातही लावत नाहीत. काळा आणि केशरी असे दोन्ही रंग एका अंगावर उमटायला दोन एक्स क्रोमोसोम लागतात. त्यामुळे तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी भाटीच असते. "अपवाद फार क्वचित," काकू म्हणतात, "पण परीक्षेला तोच येतो."

नाव ठेवलं की जीव जडतो, म्हणून काकू मांजरांना नावं ठेवत नाहीत. जिथे सापडलं तिथला पत्ता, एवढीच ओळख. दुसऱ्या एखाद्या गावात ही युक्ती चालली असती. पुण्यात देवांचीच नावं अशी आहेत की काकूंचा नाइलाज होतो. तुळशीबागेच्या बाजूला सापडलेली ती जिलब्या. बुधवार पेठेतून आलेली ती पासोड्या. खुन्या मुरलीधराच्या मागच्या बोळात एक हडकलेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेली भाटी मिळाली, तिचं नाव अर्थातच खुन्या. "खुन्या आज जेवली नाही" हे काकूंनी जिन्यातून ओरडून सांगितलं, तेव्हा नवीन भाडेकरूने दाराची दुसरी कडी लावली.

महापालिकेने २०२२ मध्ये पाळीव मांजरांसाठीही परवाना काढायला सांगितला, तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी उत्साहाने काकूंकडे गेले. हे सेक्रेटरी म्हणजे काकूंचेच आठवी 'ब'चे विद्यार्थी. काकू म्हणाल्या, "अरे, मी मांजर पाळत नाही. ती माझ्याकडे उपचारासाठी असतात." त्यांच्या गॅलरीत एक म्हातारी भाटी बरीच वर्षं खुर्चीवरून उठलेली नाही, तिचेही उपचार चालू आहेत. अर्थात नियम म्हणजे नियम. दुसऱ्या दिवशी काकू तिचा परवाना काढून आल्या आणि येताना सेक्रेटरींच्या कुत्र्याचा निघाला आहे का, याचीही चौकशी करून आल्या.

काकूंच्या स्वयंपाकघरात दोन कालनिर्णय असतात. एकात दुधाचा हिशेब, दुसऱ्यात मांजरांचा. दुसऱ्याच्या चौकटींत 'जिलब्या, जंत', 'पासोड्या, लस', 'खुन्या, टाके' अशा बारीक अक्षरातल्या नोंदी. त्यांचं गणित पंचांगाच्या अंगाने चालतं. चैत्रात जन्मलेली पोर गणपतीपर्यंत माजावर येते आणि दिवाळीला बाळंतीण होते. मांजर दोन महिने गाभण असते, एका वेताला चार-पाच पिल्लं देते आणि ती अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. २०२५च्या फेब्रुवारीत हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये ३००च्या वर मांजरं निघाली, शेजारी वासाने हैराण झाले, प्रकरण नोटिशीपर्यंत गेलं. सगळं पुणं तोंडात बोट घालून बसलं, पण काकूंना त्यात नवल वाटलं नाही. त्यांनी कालनिर्णय उलटं धरून मागे काहीतरी मांडलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. दया आली, डॉक्टर आला नाही."

काकूंचं खरं वैर मांजरांना हाकलणाऱ्यांशी नाही. पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून या म्हणणाऱ्याला त्या एका वाक्यात गप्प करतात: "ही गेली की उद्या नव्या येतील, त्यांचे टाके तुझ्या खर्चाने घालू." खरं वैर आहे ते पहिल्या मजल्यावरच्या अण्णांशी. अण्णा रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये दूध-पोळी ठेवतात, हात जोडतात आणि पुण्य घेऊन वर जातात. मोठ्या मांजराला दूध पचत नाही, त्याचा निकाल सकाळी कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर लागलेला असतो. ऑपरेशनची गोष्ट निघाली की अण्णांचा गळा दाटतो. "मुक्या जीवाचं आईपण हिरावून घ्यायचं म्हणजे पाप हो!"

काकूंनी चष्मा काढला. "अण्णा, तुम्हाला मुलं किती?"

"दोन."

"दोनच का हो? तुमचं कुणी हिरावून घेतलं?"

त्या दिवसापासून अण्णा दूध-पोळी अंधार पडल्यावर ठेवतात.

ऑपरेशनची तयारी लग्नघरासारखी चालते. पिल्लू चार-पाच महिन्यांचं हवं, अंगात ताप नको, वजन किलोच्या वर हवं. वजन रद्दीवाल्याच्या काट्यावर होतं. काकूंचा तर्क साधा: त्याच्या काट्यावर किलो भरलं, म्हणजे खरं सव्वा किलो नक्की. पिंजऱ्यात आमिष म्हणून सुकट लागतं. काकूंच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूण बंद. पण गॅलरीत झाकणावर 'औषध' लिहिलेला एक घट्ट डबा असतो, आणि तो उघडला की पाचव्या मजल्यापर्यंत चातुर्मास मोडतो. पिंजरा लागला की त्यावर चादर टाकायची, म्हणजे आतला जीव शांत बसतो. सकाळी खाणं बंद. "आज हिची एकादशी," काकू जाहीर करतात. मात्र लहान पिल्लाला रात्रभर उपाशी ठेवायचं नाही, त्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते. डॉक्टर सांगतील तेवढेच तास.

मग रिक्षा. पिंजरा बघून रिक्षावाला मागे सरतो. "काकू, सकाळची वेळ, मांजर आडवं जायला नको."

"आडवं कुठे जातंय? तुमच्याच रिक्षात बसून सरळ जाणार आहे. मीटर टाका."

बावधनची रेस्क्यू, मुंढव्याची ब्लू क्रॉस, औंधचं सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय, पेठेतले आणि पेठेबाहेरचे डॉक्टर, सगळ्यांचे नंबर काकूंना तोंडपाठ. कायदाही पाठ. प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाचे २००१चे केंद्राचे नियम नावापासूनच कुत्र्यांचे होते. २०२३ मध्ये नवे नियम आले, त्यांच्या नावात कुत्रे उरले नाहीत. "बावीस वर्षांनी का होईना, शीर्षक सुधारलं," एवढीच काकूंची दाद.

ऑपरेशन तसं अर्ध्या तासाच्या आतलं. अंडाशय आणि गर्भाशय काढतात, कुशीवर किंवा पोटावर बोटाच्या पेराएवढी चीर. रस्त्यावरच्या मांजराच्या एका कानाचं टोक भूल असतानाच सरळ कापतात, म्हणजे पुन्हा पकडून पुन्हा पोट उघडण्याची पाळी येत नाही. 'कान कुणी तोडला हो बिचारीचा?' असं विचारणाऱ्याला काकू सांगतात, "तोडला नाही, पास झाल्याचा शिक्का आहे."

खरी कसोटी घरी आल्यावर. माझ्याकडे दोन बाथरूम आहेत ही बातमी सोसायटीत फुटली, तेव्हापासून त्यातलं एक काकूंचं. दारावर त्यांच्या वळणदार अक्षरातली पाटी आहे: 'आत रुग्ण आहे. दार किलकिले करून "अगं बाई, कित्ती गोड" असे म्हणू नये. रुग्णास आराम पडत नाही. औषध, हळद, सल्ला आणू नये.'

हळदीचा अनुभव पाटीच्या आधीचा. जखमेवर लावलेली हळद मांजर चाटतं, आणि चाटताना टाकाही चाटतं. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी प्रेमाने पॅरासिटामॉलची अर्धी गोळी घेऊन आल्या होत्या. काकूंनी ती त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावली. माणसाचा ताप उतरवणारी ही गोळी मांजराचा जीव घेते. त्याच्या यकृताला ती पेलवत नाही. वहिनींचा चेहरा पडला, तेव्हा काकूंनी त्यांना बसवून चहा दिला आणि मग शांतपणे तेच पुन्हा ऐकवलं, उजळणी म्हणून.

डुल्या मारुतीपाशी सापडलेली भाटी घरी आली, तो दिवस मी जवळून पाहिला. करंडीचं झाकण उघडलं तर डोळे टक्क उघडे, बुबुळं मोठी काळीभोर, आणि ओळख कशाचीच नाही. भुलेत मांजराचे डोळे मिटत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी घातलेलं मलम पापण्यांच्या कडेला चकाकत होतं. मान डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मारुतीचं नाव सार्थ होत होतं. मागचे पाय पोटाशी दुमडलेले, पुढच्या पायांनी अंग ओढत ती बादलीकडे निघाली. काकू पाटावर बसल्या होत्या. त्यांनी तिला अलगद वळवून टॉवेलवर आणलं. "घाई कसली? मधली सुट्टी झालेली नाही अजून."

खाली वर्तमानपत्रं, वाळू नाही, कारण वाळूचे कण टाक्यात अडकतात. खाट नाही, कारण गुंगीत खाली पडते. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून थोडी लांब, कारण भुलेत अंग गार पडतं आणि चटका बसलेला कळत नाही. मान स्थिर झाल्यावर चमचाभर खाणं. टाके चाटू नयेत म्हणून अंगात झबलं: काकांच्या बनियनची बाही कापून, चार पायांना चार भोकं पाडून. लहान पिल्लांना मोजा पुरतो. काका अतिशय शांत गृहस्थ आहेत. त्यांच्या पायांत बऱ्याच दिवसांत एका जोडीचे मोजे दिसलेले नाहीत आणि हिवाळ्यात ते शर्टाची वरची गुंडीही लावतात. का, ते सगळ्यांना माहीत आहे.

रात्री दोनला बाथरूममध्ये बॅटरीचा उजेड दिसला. काकू गुडघ्यांवर, चष्मा कपाळावर, झबलं वर सरकवून पुटपुटत होत्या: लाली नाही, सूज नाही, पाणी नाही, टाका शाबूत. मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. गुलाबी. मला बघून त्या दचकल्या. "झोप येत नव्हती, म्हणून आले," त्या म्हणाल्या. दिवसभर त्यांचे गुडघे दुखत असल्याचं जिन्यातल्या प्रत्येकाने ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून पंचाईत उलटी. माणसाला ऑपरेशननंतर चालवावं लागतं, मांजराला बसवावं लागतं. आठ-दहा दिवस उडी नाही, हा डॉक्टरांचा हुकूम. आणि डुल्याचं सगळं लक्ष गीझरच्या पाइपवर. काकूंच्या घरातली बाकीची मांजरं तर तिला ओळखच देईनात. अंगाला दवाखान्याचा वास, त्यामुळे काल शेपटीशी खेळणारी जिलब्या आज फिस्कारायला लागली. काकूंनी एकच टॉवेल दोघींच्या अंगावरून फिरवला. "दोन दिवसांत विसरेल. आपल्याकडे कॉलेजातून आलेल्या पोराला आई हुंगते, तेच हे."

मांजर दत्तक देताना काकू कुणालाही सोडत नाहीत. खिडकीला जाळी आहे का? घरमालकाला विचारलंय का? लग्न ठरलंय का, आणि सासरी चालेल का? एका तरुणाने हसत विचारलं, "काकू, हुंडा किती?" काकूंनी त्याला लसीकरणाचं कार्ड, जंताचं औषध आणि एक मोजा दिला.

यंदाच्या वार्षिक सभेत सेक्रेटरींनी काकूंच्या सत्काराचा विषय मांडला. शाल-श्रीफळ, पुष्पगुच्छ, चार शब्द. अण्णांनीही अनुमोदन दिलं. काकू उठल्या. "शाल कितीची आणलीस?"

सेक्रेटरींनी आकडा सांगितला.

"पावती आहे का?"

होती.

"मग परत कर. त्यात अर्धी भाटी होते. राहिलेली अर्धी कोण?"

सभेत शांतता. आठवी 'ब'मध्येही अशीच होत असावी. अखेर अण्णांनी घसा साफ केला आणि बंडीच्या खिशातून पैसे काढले. काकूंनी मोजून घेतले आणि तिथल्या तिथे पावती फाडली: 'अण्णांकडून, अर्धी पासोड्या.' मग पेन बंद करता करता म्हणाल्या, "मागची अर्धी."